तो पाठमोरा उभा असलेला वादक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत साठच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांवर पानभर लेख आला. त्यात ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’ या अमेरिकी गटाला दीड रकाना दिलात, याचा मला फार आनंद झाला. पण त्या दीड रकान्यात एक चूक आहे, एक अन्याय आहे आणि छायाचित्राखाली एक नाव राहून गेलं आहे. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर जरूर कापा, फक्त ब्रूस पामर हे नाव तेवढं राहू द्या.

छायाचित्रात पाच जण आहेत. खाली नावं चौघांचीच: स्टीफन स्टिल्स, नील यंग, रिची फ्युरे, ड्यूई मार्टिन. पाचव्याबद्दल ‘व अन्य एक वादक’ असं छापलं आहे. तो पाचवा प्रेक्षकांकडे पाठ करून, आपल्या अँप्लिफायरकडे तोंड करून उभा आहे. तोच पामर. तो कार्यक्रमात असाच उभा राहायचा. बेस गिटार, म्हणजे खर्जाची गिटार, वाजवायचा.

मीही बेस वाजवायचो. १९७५ ते १९८९ अशी चौदा वर्षं. दिवसा ठाण्याच्या एका कारखान्यात टर्नर, आणि शनिवार-रविवार, गणपती, नवरात्र, लग्नाचे हंगाम ऑर्केस्ट्रात. मुलुंडपासून कर्जतपर्यंत आमच्या सुपाऱ्या असत. बेसवाला नेहमी मागे, ड्रमच्या बाजूला. निवेदक सगळ्यांची नावं घेताना गायक, अ‍ॅकॉर्डियन, ड्रम, कोंगो असं करत शेवटी माझ्याकडे यायचा, तेव्हा टाळ्या संपत आलेल्या असायच्या. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ती जागाच तशी आहे. पण छापील नावाची गोष्ट वेगळी आहे. ते पन्नास वर्षांनीही कुणीतरी वाचतं.

‘बफेलो स्प्रिंगफील्ड’ची पहिली तबकडी मला १९७७ मध्ये चोरबाजारात अठरा रुपयांना मिळाली. मुखपृष्ठाचा एक कोपरा उंदरांनी खाल्लेला होता. तेव्हा इंग्रजी बेस शिकवणारं डोंबिवलीत कुणी नव्हतं. आमची युक्ती अशी की मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ च्या वेगावर लावायची. गाणारे चिवचिव करतात, पण खर्जातला बेस वर येतो आणि त्याचा एकेक स्वर सुटा ऐकू येतो. तो डोक्यात बसवायचा, मग परत ३३ वर लावून खाली उतरवायचा. पामरचा बेस मी असा शिकलो. त्याअर्थी तो माझा गुरू आहे, जरी तो माणूस मी कधी पाहिला नाही.

आता चूक. लेखात म्हटलं आहे की या गटाचं गाजलेलं गाणं ‘फॉर व्हॉट इट्स वर्थ’ हे व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाचं गाणं आहे. तसं ते नाही. हा गैरसमज जगभर आहे, कारण पुढे व्हिएतनामवरच्या चित्रपटांत आणि माहितीपटांत हेलिकॉप्टरच्या दृश्यांखाली हे गाणं इतक्यांदा वाजलं की लोकांच्या मनात ते तिथेच चिकटलं. प्रत्यक्षात ते लॉस एंजेलिसमधल्या एका रस्त्याचं गाणं आहे. सनसेट बुलेव्हार्डचा ‘सनसेट स्ट्रिप’ नावाचा पट्टा तेव्हा नव्या संगीताच्या क्लबांनी गजबजलेला होता. पोरं हजारोंनी यायची, वाहनं तुंबायची. आसपासच्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी तक्रारी केल्या, तेव्हा १८ वर्षांखालच्या मुलांनी रात्री १० नंतर रस्त्यावर रेंगाळायचं नाही हा नियम पोलिसांनी कडकपणे लावायला सुरुवात केली. रात्री १० ची वेळ आपल्याकडच्या गणेश मंडळांनाही पाठ आहे, पण आपल्याकडे प्रश्न आवाजाचा असतो. तिथे पोरांनाच हटवायचं होतं. १२ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री ‘पँडोराज बॉक्स’ नावाच्या छोट्याशा क्लबबाहेर हजाराच्या आसपास मुलं जमली आणि पोलिसांशी झटापट झाली. धरपकड बरेच दिवस चालू राहिली. अभिनेता पीटर फोंडा यालाही त्या काळात बेड्या पडल्या. पुढच्या वर्षी तो क्लबच पाडून टाकला.

स्टिल्सने हे पाहून गाणं लिहिलं. ध्वनिमुद्रण ५ डिसेंबर १९६६ ला झालं, म्हणजे घटनेला महिनाही झाला नव्हता. लगोलग तबकडी निघाली आणि मार्च १९६७ मध्ये ते अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ७ व्या क्रमांकापर्यंत गेलं. गाण्याचं शीर्षक गाण्याच्या शब्दांत कुठेच येत नाही. अ‍ॅटलांटिक कंपनीचे प्रमुख अहमद एर्टेगन यांना ऐकवताना स्टिल्सने ‘माझ्याकडे हे एक आहे, बघा काही उपयोगाचं वाटलं तर’ अशा अर्थाचं काही म्हटलं आणि तेच शीर्षक झालं, अशी हकीकत सांगतात. गटाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या मूळ आवृत्तीत हे गाणं नव्हतंच. ते गाजल्यावर एक जुनं गाणं काढून टाकलं आणि ध्वनिमुद्रिका याच गाण्याने सुरू होईल अशी नवी आवृत्ती काढली. माझी अठरा रुपयांची तबकडी या नव्या आवृत्तीची आहे.

ज्यांनी ते ऐकलं असेल त्यांना सुरुवातीचे गिटारचे दोन घंटेसारखे स्वर आठवतील. ते यंगचे. पण त्या स्वरांच्या खाली काय चाललंय ते एकदा कान देऊन ऐका. कडव्यात फिरून फिरून दोनच कॉर्ड्स (एकदम वाजणारे स्वरसमूह) आहेत, ई आणि ए. बेस गिटारवर या दोन्ही खुल्या तारा. नवशिकाही वाजवील असं वाटतं. मला ते नीट वाजवता यायला दोन वर्षं लागली, कारण पामर जिथे वाजवत नाही तिथेच खरी गंमत आहे. एक ठोका देतो, थांबतो, वाट पाहायला लावतो. रात्री गल्लीच्या टोकाला पोलीस उभे आहेत आणि पलीकडे पोरं उभी आहेत, अजून कुणी पाऊल टाकलेलं नाही, तसा तो बेस आहे. शब्द स्टिल्सचे, पण ती धास्ती मला पामरच्या बोटांत ऐकू येते.

आता अन्याय. लेखक म्हणतात, ‘उठसूट वादक बदलणारा, शिस्त नसलेला हा गट दोन वर्षांत संपला, यात नवल नाही.’ वादक बदलले हे खरं आहे. आणि दोन वर्षंही खरी, नेमकं सांगायचं तर एप्रिल १९६६ ते मे १९६८, पंचवीस महिने. पण ते का बदलले हे सांगितलं नाही, तर वाचकाला वाटतं की ही उनाड पोरं होती, आली आणि गेली.

ती एकत्र कशी आली बघा. यंग आणि पामर दोघे कॅनडाचे. टोरांटोत ‘मायना बर्ड्स’ नावाच्या गटात होते. त्या गटाला डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीने करारबद्ध केलं होतं. पण त्यांचा गायक रिक जेम्स, जो पुढे फार मोठा झाला, अमेरिकी नौदलातून पळून आलेला निघाला. त्याला अटक झाली आणि तबकडी तिथेच बारगळली. हातात काही उरलं नाही, तेव्हा या दोघांनी वाद्यांचं सामान विकलं आणि १९५३ सालची एक जुनी पाँटियाक शववाहिका घेऊन थेट लॉस एंजेलिस गाठलं. स्टिल्स त्या शहरात कुठेतरी आहे एवढीच माहिती. यंगची आणि त्याची वर्षभरापूर्वी कॅनडात एकदा गाठ पडली होती. शोधून शोधून दमले, सॅन फ्रान्सिस्कोला निघण्याच्या बेतात होते, आणि सनसेट बुलेव्हार्डवरच्या वाहतूक कोंडीत स्टिल्स आणि फ्युरे यांना समोर एक काळी शववाहिका दिसली, ओंटारियोच्या नंबर प्लेटची. गट तिथे जमला. ड्रमवर मार्टिन आला, तोही कॅनडाचाच. नाव त्यांनी घेतलं घराबाहेर रस्त्याच्या कामासाठी उभ्या असलेल्या रोडरोलरवरून, त्याच्यावर ‘बफेलो-स्प्रिंगफील्ड’ अशी पाटी होती. भेट झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ते ट्रूबादूर क्लबच्या मंचावर होते, आणि मेमध्ये ‘व्हिस्की अ गो गो’ या क्लबात काही आठवड्यांचा मुक्काम. इतक्या कमी तालमींत गट बसतो तेव्हा दैवयोगाबरोबर अंगात काहीतरी लागतं, हे ऑर्केस्ट्रातला कुणीही सांगेल.

पाचांतले तीन कॅनडाचे, आणि यंग व पामर यांच्याकडे अमेरिकेत काम करण्याचे कागद नव्हते. सगळ्या गोंधळाचं मूळ मला इथे दिसतं. जानेवारी १९६७ मध्ये, गाणं यादीत वर चढत असतानाच, पामर गांजासह सापडला आणि त्याला कॅनडात परत पाठवलं. गांजा बाळगणं हा गुन्हा होता आणि मी त्याची बाजू घेत नाही. पण अमेरिकी वादक असता तर त्याला देशाबाहेर तरी काढता आलं नसतं. याला सरहद्दीपलीकडे नेऊन सोडलं. त्याच्या जागी आधी केन कोब्लन आला, यंगचा विनिपेगमधल्या गटातला जुना सोबती. मग जिम फील्डर. मधल्या काळात ‘हॉलीवूड पॅलेस’ या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात गाणं सादर करायचं होतं आणि बेसवाला नव्हता. तेव्हा डिक डेव्हिस नावाच्या त्यांच्या व्यवस्थापकीय सहकाऱ्याने गिटार गळ्यात घातली आणि तो कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. पामर पाठमोराच उभा राहतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे ते खपून गेलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातलं पुस्तक खाली ठेवलं. कारण १९८१ च्या गणपतीत मला कावीळ झाली होती. सात आठवडे अंथरुणावर होतो. आयोजकांशी ठरलेलं की मंचावर नऊ वादक हवेत, आणि ते खरोखर मोजायचे. म्हणून आमच्या कोंगोवाल्याच्या धाकट्या भावाच्या गळ्यात माझी गिटार अडकवली, वायर न जोडता. बेस ऑर्गनवाल्याने डाव्या हाताने भरून काढला. अकरा दिवस तसेच कार्यक्रम झाले. मुलांनी आठवणीने एक कॅसेट माझ्यासाठी घरी पाठवली. मी पडल्या पडल्या ऐकली. खर्ज होता, सूर बरोबर होते, पण ठेका कुठे टेकलेला नव्हता. ड्रमवाल्याचा उजवा पाय आणि बेसवाल्याचं बोट एकाच क्षणी पडावं लागतं. ते मोजून होत नाही, वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून होतं. आमच्या ड्रमवाल्याचा पाय त्या कॅसेटमध्ये मला एकटा ऐकू येत होता. सूर चुकला तर प्रेक्षकांना कळतो. ही गोष्ट त्यांना कळत नाही, फक्त ते टाळ्या थोड्या कमी वाजवतात.

मी बरा होऊन परत गेलो तर माझी जागा होती. पामर परत आला तोवर त्याच्या गटाची घडी विस्कटली होती. १९६७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला तो परतला, आणि त्याच सुमाराला यंग निघून गेला. यंगला मंचावर फिट येण्याचा त्रास होता, स्टिल्सशी रोजचे खटके होते. १८ जूनला कॅलिफोर्नियातल्या माँटेरीचा मोठा संगीत महोत्सव, आणि मुख्य गिटारवाला नाही. तेव्हा डग हेस्टिंग्ज नावाच्या वादकाला घेतलं, आणि ‘बर्ड्स’ या दुसऱ्याच एका गटाचा डेव्हिड क्रॉस्बी मैत्रीखातर यांच्या मंचावर उभा राहिला. त्या महोत्सवाचा तो शेवटचा दिवस, रविवार. दुपारचं पूर्ण सत्र पंडित रविशंकर यांचं होतं, तबल्यावर अल्लारखाँसाहेब. आणि त्याच रात्री, त्याच मंचावर, पामरचा बेस. मुंबईतल्या किती जणांकडे रविशंकर यांची माँटेरीची तबकडी होती! त्याच दिवशी, त्याच मैदानात हा आमचा पाठमोरा माणूसही वाजवून गेला, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल.

यंग शरद ऋतूपर्यंत परतला. १९६७ च्या अखेरीस दुसरी ध्वनिमुद्रिका आली, ‘बफेलो स्प्रिंगफील्ड अगेन’. माझ्या मते ही त्यांची सर्वांत भारी. पण तिच्यात बेस एका हाताचा नाही, आणि ते गाण्यागाण्याला कानाला कळतं. जानेवारी १९६८ मध्ये पामरला पुन्हा हद्दपार केलं. या वेळी त्याच्या जागी जिम मेसिना आला, जो दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या वेळी यंत्रांच्या पलीकडे ध्वनिमुद्रक म्हणून बसला होता. म्हणजे पाच जणांच्या गटात पंचवीस महिन्यांत एकट्या बेसच्या खुर्चीवर चौघे जण, पाठमोरा उभा केलेला डेव्हिस धरला तर पाच. मार्चमध्ये लॉस एंजेलिसजवळच्या टोपांगा भागातल्या एका घरावर अमली पदार्थांवरून धाड पडली, त्यात यंग, फ्युरे, मेसिना आणि पाहुणा आलेला इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन सापडले. ५ मे १९६८ ला लाँग बीच इथे शेवटचा कार्यक्रम झाला. तिसरी ध्वनिमुद्रिका फ्युरे आणि मेसिना यांनी गट मोडल्यावर, उरलेल्या गाण्यांतून जुळवून पुरी केली. तिच्या मुखपृष्ठावर चौघे एका बाजूला बघताहेत आणि यंग दुसऱ्या.

याला शिस्तीचा अभाव म्हणता येईल का? मला म्हणवत नाही. दोघांच्या हट्टापायी भांडणं झाली हे कबूल. स्टिल्स आणि यंग दोघांनाही गटाचं सुकाणू हवं होतं, एका गटात दोन सुकाणू राहत नाहीत. पण भांडणाऱ्यांना एकत्र ठेवणारा माणूस ठेक्याच्या जागी उभा असतो, आणि त्यालाच या गटातून दोनदा उचलून नेलं. यंगने पामरला १९८२ च्या ‘ट्रान्स’ ध्वनिमुद्रिकेत आणि त्याच्या दौऱ्यात पुन्हा बेसला घेतलं, यावरून मला वाटतं की त्यालाही हे ठाऊक होतं.

बाकीच्यांचं पुढे चांगलं झालं, ते लेखात आलंच आहे. स्टिल्स आणि क्रॉस्बी यांनी ग्रॅहम नॅशबरोबर नवा गट काढला, यंगही त्यात आला. फ्युरे आणि मेसिनाने ‘पोको’ काढला. पामरने सत्तरच्या सुमारास स्वतःची एक ध्वनिमुद्रिका केली, ती चालली नाही. १९९७ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये या गटाचा समावेश झाला, तेव्हा मूळच्या पाचांत त्याचं नाव होतं. १ ऑक्टोबर २००४ ला ओंटारियोत हृदयविकाराने तो गेला, वय ५८. ड्यूई मार्टिन २००९ मध्ये गेला. २०१० मध्ये उरलेल्या तिघांनी एकत्र येऊन वाजवलं आणि २०११ मध्ये काही कार्यक्रम केले. बेसला रिक रोझस होता, यंगबरोबर अनेक वर्षं वाजवलेला, अतिशय सुरेख हात. मुलाने मला त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण फोनवर दाखवलं. रोझस प्रेक्षकांकडे तोंड करून उभा होता. मी डोळे मिटून ऐकलं, मग मोकळं वाटलं.

विनंती एवढीच की शुद्धिपत्रात दोन ओळी द्याव्यात. पहिली, ‘फॉर व्हॉट इट्स वर्थ’ हे गाणं नोव्हेंबर १९६६ च्या सनसेट स्ट्रिपवरच्या घटनांवर आहे. दुसरी, छायाचित्रातला पाचवा वादक ब्रूस पामर, बेस गिटार, जन्म ९ सप्टेंबर १९४६, नोव्हा स्कोशिया, कॅनडा. आणि ते छायाचित्र पुन्हा कधी छापलंत तर डावीकडची बाजू कृपया कापू नका. मागच्या वेळी त्याच्या गिटारचं डोकं चौकटीबाहेर गेलं होतं.

आपला एक जुना वाचक,
निवृत्त टर्नर आणि बेस गिटारवादक,
डोंबिवली (पूर्व)